ढिगारा उचलणारी यंत्रे आणि ढिगारा ओळखणारी माणसे

शालेय विज्ञान प्रदर्शनांत गेल्या काही वर्षांत एक प्रतिकृती वारंवार दिसू लागली आहे. थर्माकोलच्या घरांचे छोटे गाव, त्यांतली निम्मी घरे आडवी झालेली, आणि मधोमध बॅटरीवर चालणारा, चाकांचा यंत्रमानव. कळ दाबली की त्याचा हात खाली येतो, थर्माकोलची वीट चिमटीत धरतो आणि शेजारच्या डब्यात नेऊन टाकतो. वर पाटी असते : ‘भूकंपानंतरच्या कचऱ्याचे यंत्रमानवाकडून व्यवस्थापन’. हा हात बनवताना मुलांनी मेहनत घेतलेली असते. इंजेक्शनच्या पिचकाऱ्यांत पाणी भरून दाब कसा पोचवायचा, मोटरचा वेग दंतचक्रांनी कसा कमी करायचा, हे ती स्वतः करून शिकलेली असतात आणि ते शिक्षण मोलाचे आहे. त्या हाताबद्दल आम्हांला काहीच म्हणायचे नाही. प्रश्न पडतो तो शेजारच्या डब्याचा. डबा एकच असतो, आणि तो भरल्यावर पुढे काय करायचे हे पाटीवर कुठेही लिहिलेले नसते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, माहितीपट, विज्ञानविषयक व्याख्याने या सगळ्यांतून त्यांच्यापर्यंत पोचणारे चित्र हेच आहे. आपत्ती येते, राडारोडा पडतो, यंत्रमानव येतो आणि तो उचलतो. गाव पुन्हा स्वच्छ. शालेय पुस्तकांतही आपत्तीचे प्रकरण एकीकडे आणि कचऱ्याचे दुसरीकडे असते, दोहोंची गाठ पडत नाही. या चित्रात कितपत तथ्य आहे, हे जिथे यंत्रांनी खरोखर काम केले अशा ठिकाणांच्या आधारे तपासावे, असे आम्हांला वाटते. त्यासाठी जपानकडे जावे लागेल, कारण तिथे आपत्ती पुष्कळ आल्या आणि त्यांच्या नोंदीही नीट ठेवल्या गेल्या. पण त्याआधी एका चित्रपटाविषयी.

पिक्सार कंपनीचा, अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला ‘वॉल-ई’ हा चित्रपट २००८ साली आला. त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल, काहींनी वर्गात दाखवलाही असेल. कचऱ्याने भरलेली पृथ्वी सोडून माणसे सातशे वर्षांपूर्वी अवकाशात निघून गेली आहेत. मागे उरलेला एक लहानसा यंत्रमानव रोज सकाळी उठून कचरा पोटात घेतो, दाबतो, त्याचे चौकोनी ठोकळे करतो आणि त्या ठोकळ्यांच्या उंच इमारतींएवढ्या चळती रचतो. यातला कचरा नैसर्गिक आपत्तीचा नाही, हे खरे. पण कचरा आणि यंत्रमानव यांची जोडी आज मुलांच्या डोळ्यांसमोर येते ती बहुधा याच रूपात, म्हणून या चित्रपटाची चिकित्सा उपयोगी आहे.

त्याच्या नावाची फोडच पाहावी. ‘वेस्ट अलोकेशन लोड लिफ्टर’, म्हणजे कचऱ्याची वाटणी करणारा भार-उचल्या. चित्रपटभर तो भार उचलतो; वाटणी मात्र कामाच्या वेळात एकदाही करत नाही. लोखंड, काच, कापड, प्लॅस्टिक, सगळे एकाच ठोकळ्यात. कचऱ्याच्या शास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट गोष्ट शोधून सापडणार नाही. सुटा मिश्र कचरा निदान वेचता तरी येतो. एकदा दाबून ठोकळा झाला की त्यातले लोखंड लोखंड म्हणून निरुपयोगी, कापड कापड म्हणून निरुपयोगी. इतकी शतके राबूनही पृथ्वीवरच्या कचऱ्याचे वजन एका किलोनेही कमी झालेले नाही, त्याने नुसती जागा बदलली आहे.

वाटणी तो करतो ती घरी परतल्यावर, हौस म्हणून. दिवसभरात सापडलेल्या चिजा तो फडताळात लावतो. चमचे एकीकडे, काटे दुसरीकडे. एके दिवशी त्याच्या हाती पुढच्या टोकाला दाते असलेला चमचा येतो. तो थबकतो, चमच्यांकडे पाहतो, काट्यांकडे पाहतो, आणि शेवटी ती वस्तू दोहोंच्या मध्ये ठेवून देतो. आमच्या मते कचरा-व्यवस्थापनाविषयी या चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य हेच आहे. आणखी एका प्रसंगी त्याला अंगठीची डबी सापडते. हिऱ्याची अंगठी तो भिरकावून देतो आणि उघडझाप होणारी डबी जपून ठेवतो. प्रेक्षक हसतात. ज्याचे घर पुरात वाहून गेले आहे त्याला इथे हसू येईल का, याची शंका वाटते.

चमच्याच्या प्रसंगात ‘हे काय आहे?’ हा प्रश्न आहे, अंगठीच्या प्रसंगात ‘हे कोणाचे, आणि त्याला याचे काय मोल आहे?’ हा. ढिगारा उचलण्याचा प्रश्न या दोहोंनंतरचा आहे. हे मनात ठेवून आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू.

जपानच्या क्यूशू बेटावर शिमाबारा द्वीपकल्पात उन्झेन नावाचा ज्वालामुखी आहे. जवळजवळ दोनशे वर्षे शांत राहून तो नोव्हेंबर १९९० मध्ये जागा झाला. ३ जून १९९१ रोजी तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोट डोंगरावरून वेगाने खाली आला आणि त्यात ४३ माणसे दगावली. ज्वालामुखींचे चित्रण करणारे कात्या आणि मॉरिस क्राफ्त हे फ्रेंच दांपत्य आणि अमेरिकन ज्वालामुखीतज्ज्ञ हॅरी ग्लिकेन हे त्यांतच होते. पुढची काही वर्षे प्रत्येक मोठ्या पावसात राख आणि दगड यांचा रबरबीत लोंढा मिझुनाशी नदीच्या पात्रातून खालच्या वस्त्यांवर येत राहिला. (मिझुनाशी या शब्दाचा अर्थ ‘पाणी नसलेली’ असा आहे, एरवी कोरडी असणारी ही नदी.) पात्रातला गाळ सतत उपसून जागा मोकळी ठेवणे गरजेचे होते. पण तिथे यंत्र चालवणाऱ्या माणसावर दुसरा लोट केव्हा येईल, याचा नेम नव्हता.

जपानच्या बांधकाम मंत्रालयाने १९९३ साली यावर जाहीरपणे उपाय मागवले. अटी मोठ्या नेमक्या होत्या. दोन ते तीन मीटर व्यासाचे दगड फोडता आले पाहिजेत. काही काळ १०० अंश सेल्सिअस तापमान आणि १०० टक्के आर्द्रता असली तरी यंत्र चालले पाहिजे. आणि चालक किमान शंभर मीटर दूर असला पाहिजे. त्यातून १९९४ च्या सुमारास जी पद्धत उभी राहिली तिला जपानीत ‘मुजिन्का सेको’, म्हणजे निर्मनुष्य बांधकाम, असे म्हणतात. त्यात मानवाकृती असे काहीच नव्हते. नेहमीचीच पोकलेन, बुलडोझर आणि डंपर ही यंत्रे. फक्त ती रेडिओलहरींवर चालत, आणि चालक दूर सुरक्षित जागी बसून कॅमेऱ्यांनी पाठवलेली चित्रे पाहत दांडे हलवत असे. मराठीतला ‘यंत्रमानव’ हा शब्द इथे आपली वाट चुकवतो असे आम्हांला वाटते. त्या शब्दाने डोळ्यांपुढे दोन हात आणि एक डोके येते, आणि मुले प्रतिकृतीला डोळे रंगवण्यात वेळ घालवतात.

‘निर्मनुष्य’ हा शब्दही पूर्ण खरा नाही. माणूस नदीपात्रातून बाहेर आला, कामातून नाही. उलट त्याचे काम अवघड झाले. पडद्यावरच्या चित्रात खोलीचा अंदाज येत नाही; यंत्र किती कलले ते बैठकीतून जाणवत नाही; खोरे दगडाला लागले की मातीला, हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखण्याची सवय निरुपयोगी ठरते. त्यामुळे अशी यंत्रे नेहमीपेक्षा सावकाश चालतात. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवण्याचा प्रयोग वर्गात करून पाहिला, तर या चालकांची अडचण मुलांच्या लगेच ध्यानात येईल.

तरीही उन्झेनची पद्धत यशस्वी झाली, आणि तिच्या यशाचे कारण यंत्राइतकेच त्या ढिगाऱ्यातही होते. पात्रातला तो सारा गाळ एकाच जातीचा : राख, वाळू, दगड. त्यात कोणाचे कपाट नव्हते, गॅसची टाकी नव्हती. दगड लहान की मोठा, एवढाच काय तो भेद. गाळ कुठून काढायचा आणि कुठे टाकायचा हे आधीच ठरलेले होते. ओळखण्याचे काम जवळजवळ शून्य, उचलण्याचे काम प्रचंड आणि जिवावरचे. यंत्राला याहून सोयीची आपत्ती मिळणे कठीण.

हाच अनुभव पुढे फुकुशिमा येथे उपयोगी पडला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने तिथल्या अणुवीजकेंद्राची शीतनयंत्रणा बंद पडली, हायड्रोजनचे स्फोट झाले आणि अणुभट्ट्यांच्या इमारतींभोवती किरणोत्सारी राडारोडा विखुरला. एप्रिल २०११ पासून तो दूरनियंत्रित पोकलेन आणि डंपर यांनी गोळा करून बंद पेट्यांत भरण्यात आला. इथेही वर्गीकरणाची कसोटी एकच होती, किरणोत्साराची मात्रा. तुकडा काँक्रीटचा आहे की पत्र्याचा, हा प्रश्न त्या घडीला गौण होता. मापकाने आकडा दाखवला की निर्णय झाला.

इमारतींच्या आत मात्र गोष्ट वेगळी होती. १७ एप्रिल २०११ रोजी पॅकबॉट ही अमेरिकन बनावटीची दोन छोटी यंत्रे पहिल्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत शिरली. जून महिन्यात क्विन्स हे जपानी यंत्र आले. ते जिने चढू शकत होते. पण ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत त्याची तार निकामी झाली आणि ते तिथेच अडकून पडले. कचरा हलवायला गेलेले यंत्र असे स्वतःच कचऱ्यात जमा झाले. तळाशी वितळून पडलेले इंधन आणि त्यात मिसळलेले धातू यांचा अंदाज सुमारे ८८० टनांचा आहे. त्याचा पहिला नमुना दूरनियंत्रित यंत्राने बाहेर आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, अपघातानंतर तेरा वर्षांहून अधिक काळाने. त्याचे वजन होते सुमारे ०.७ ग्रॅम. एकूण साठा त्याच्या किती पट आहे हे गणित विद्यार्थ्यांना घालावे. उत्तर सव्वाशे कोटींच्या आसपास येते. यंत्रांना कमी लेखण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या जागी माणूस काही मिनिटेही उभा राहू शकला नसता, तेव्हा यंत्राशिवाय दुसरा मार्गच नव्हता. पण अज्ञात जागेत, अज्ञात पदार्थापुढे यंत्राची गती काय होते, त्याचे हे माप आहे.

आता त्याच दिवशीच्या त्सुनामीने किनाऱ्यावर जे केले त्याकडे पाहू. फुकुशिमाच्या बातम्यांत हा भाग झाकला गेला. तेरा प्रांतांत मिळून सुमारे दोन कोटी टन कचरा झाला आणि समुद्राने आणून टाकलेला गाळ आणखी सुमारे एक कोटी टन. इशिनोमाकी या एकट्या शहरात, सुरुवातीच्या अंदाजानुसार, शंभर वर्षांत साठेल इतका कचरा एका दुपारी झाला होता. आणि तो कसा? लाकडी घरांचे वासे, तातामी म्हणजे गवती चटया, काँक्रीट, मोटारी, मासेमारीच्या होड्या, जाळी, शीतगृहांतली कुजू लागलेली मासळी, फ्रिज, गॅसच्या टाक्या, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, औषधे, रंगाचे डबे. सगळे एकमेकांत गुंतलेले, खाऱ्या पाण्यात भिजलेले आणि चिखलाने माखलेले.

यातला प्रत्येक शब्द रसायनाच्या शिक्षकाला काहीतरी सांगतो. लाकूड जाळता येते, पण ते समुद्राच्या पाण्यात भिजले असेल तर त्यातले क्लोराइड भट्टीचे धातू कुरतडते आणि डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे बनण्याचा धोका वाढतो. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून द्यायचे तर क्लोरिन आधी धुऊन काढावे लागते. लाकूड आणि चटया ओल्याच उंच रचल्या तर सूक्ष्मजीवांच्या क्रियेने आत उष्णता साठते. २०११ च्या उन्हाळ्यात कचऱ्याच्या अनेक ढिगांना अशाच आगी लागल्या. ढीग पाच मीटरपेक्षा उंच रचू नयेत, असा सल्ला नंतर देण्यात आला, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत नाही. वॉल-ईच्या चळती इथे आठवाव्यात.

या कामात स्वयंचलित यंत्रे होती आणि पुष्कळ होती, पण प्रदर्शनात बक्षीस मिळावे अशी नव्हती. फिरते दंडगोल, म्हणजे मोठाल्या चाळण्या. सरकत्या पट्ट्यावर टांगलेले लोहचुंबक. हलके तुकडे उडवणारे हवेचे झोत. वस्तूचा आकार, चुंबकत्व, वजन अशा एकेका गुणधर्मावर ही यंत्रे काम करतात आणि तेवढे उत्तम करतात. चिकट चिखलामुळे चाळणीची भोके बुजत, म्हणून तो सुटा व्हावा यासाठी चुन्यासारखे पदार्थ आधी मिसळले जात. आणि या सगळ्या यंत्रांच्या ओळीत, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, हातमोजे घातलेली माणसे उभी असत.

हिगाशी-मात्सुशिमा या लहान शहराने तर क्रमच उलटा केला. तिथे २००३ साली एक भूकंप झाला होता. तेव्हा सगळा कचरा एकत्र टाकला गेला आणि तो निस्तरण्याचा खर्च हाताबाहेर गेला. त्या अनुभवामुळे २०११ मध्ये शहराने सुरुवातीपासूनच कचरा जागच्या जागी वेगळा ठेवायला लावला. यंत्रांनी मोठे तुकडे अलग केल्यावर उरलेला मिश्र कचरा जमिनीवर आणि मेजांवर पसरून हातांनी एकोणीस प्रकारांत वेचला गेला. वेचणारी शेकडो माणसे तिथलीच, पुष्कळशी आपत्तीत रोजगार गमावलेली होती. सुमारे ९७ टक्के कचरा पुन्हा वापरात गेला. साऱ्या आपत्तिग्रस्त प्रदेशात हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते, आणि तेही जगाच्या मानाने फार चांगले मानले जाते.

त्या माणसांनी आणखी एक काम केले, ज्याची कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात नोंद नसते. पूर्वजांच्या नावाच्या पाट्या, छायाचित्रांचे संग्रह, शाळेची प्रमाणपत्रे ही कचरा न मानता बाजूला ठेवावीत, अशी सूचना जपान सरकारने पहिल्या काही आठवड्यांतच दिली होती. त्यानुसार लाखो छायाचित्रे ढिगाऱ्यांतून निघाली. स्वयंसेवकांनी ती पाण्याने धुऊन, वाळवून, ओळख पटवण्यासाठी मांडून ठेवली. हजारो तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या. शिवाय हजारो माणसे तेव्हा बेपत्ता होती. ढिगारा उपसणाऱ्याच्या मनात प्रत्येक फावड्याला काय शंका असेल, हे सांगायला नको. अंगठी फेकून डबी ठेवणारे यंत्र तिथे चालले नसते.

यावर कोणी म्हणेल, की २०११ नंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. हे खरे आहे, आणि त्याचा विचार करायलाच हवा. फिनलंडमध्ये २००७ साली स्थापन झालेल्या झेनरोबॉटिक्स या कंपनीने बांधकामाच्या कचऱ्यातून लाकूड, दगड, धातू वेचणारे यांत्रिक हात बाजारात आणले. तसली यंत्रे आज अनेक देशांत, जपानमध्येही, चालतात. पट्ट्यावरून कचरा सरकतो; कॅमेरे, धातुशोधक आणि अवरक्त संवेदक त्याची तपासणी करतात; संगणक वस्तू ओळखतो आणि हात ती उचलतो. लाखो चित्रे दाखवून ‘शिकवलेले’ संगणक आता एका दृष्टिक्षेपात बाटली आणि डबा वेगळे सांगतात. धूळ, दुर्गंध आणि तोचतोचपणा यांतून माणसाची सुटका होते, ही मोठीच गोष्ट आहे.

पण अवरक्त संवेदक कसा ओळखतो ते पाहावे. दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडचे किरण वस्तूवर टाकले असता निरनिराळी प्लॅस्टिके निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण शोषतात आणि उरलेले परत पाठवतात. त्या परतलेल्या किरणांवरून पॉलिथिलीन कोणते आणि पीव्हीसी कोणते हे कळते. या पद्धतीला दिसतो तो वस्तूचा केवळ वरचा थर. वस्तूवर चिखल असेल तर संवेदक चिखल ओळखतो. पाणी स्वतःच १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषण करते, त्यामुळे ओल्या वस्तूचा संकेत बिघडतो. काजळी घालून काळे केलेले प्लॅस्टिक जवळजवळ सगळेच किरण गिळते, म्हणून ते दिसतच नाही. बांधकामाच्या जागेवरून आलेला कोरडा, ठरावीक प्रकारचा कचरा या यंत्रासाठी योग्य. पुरानंतरचा कचरा ओला, मळलेला, गुंतलेला आणि दर गावी निराळा. शिवाय यंत्रापर्यंत पोचण्याआधी त्याला सुटे करून पट्ट्यावर एका थरात पसरावे लागते, आणि ते काम पुन्हा पोकलेनच्या चालकाकडे किंवा हातांकडेच येते.

आपल्याकडचा भंगारवाला किंवा कचरावेचक बाई प्लॅस्टिकचा तुकडा हातात घेऊन, वाकवून, त्याचा आवाज ऐकून तो कोणत्या जातीचा आहे ते सांगते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे श्रमाचे आणि कौशल्याचे काम आहे, हेच तिच्या मागणीच्या मुळाशी होते. वरील तांत्रिक अडचणी वाचल्यावर त्या म्हणण्यातले तथ्य अधिक पटते.

हाताने वेचण्याचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर तिथला राडारोडा घाईने हलवला गेला. त्यात ॲस्बेस्टॉस होते. ते काम केलेल्या काही कामगारांना पुढे बऱ्याच वर्षांनी मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही. इथे माणसाची ओळखण्याची शक्ती कुचकामी ठरते. पडक्या इमारतीत ॲस्बेस्टॉस शोधणारे आणि तो भाग माणसाविना उतरवणारे यंत्र कोणी केले, तर आम्ही त्याचे स्वागत करू. चिखलातले गंजके खिळे, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, फुटलेल्या टाक्या यांबाबतही तेच. यंत्राची गरज कुठे आहे हे ठरवताना ‘काय जड आहे’ याइतकेच ‘काय घातक आहे’ असेही विचारले पाहिजे. आमच्या पाहण्यात आलेल्या प्रतिकृतींत हा दुसरा प्रश्न क्वचितच असतो.

आणि जागेचा प्रश्न आहेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरावर गाडीरस्ता नव्हता. पोकलेन, जेसीबी पायथ्याशीच राहिली आणि मदतकार्य करणाऱ्यांनी फावडी, कुदळी घेऊन भर पावसात चढून हातांनी माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. सह्याद्रीतल्या शाळेने ‘आपत्तीतील यंत्रमानव’ मांडायचा असेल, तर तो ओल्या चिकणमातीच्या उभ्या चढावर आधी चढला पाहिजे. प्रदर्शनातले मेज सपाट असते.

मग प्रतिकृती कशी असावी? आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. लाकडाचे तुकडे, विटांचे तुकडे, खिळे, पॉलिथिलीनच्या पिशव्यांचे आणि पीव्हीसी नळीचे तुकडे, चिंध्या, कागद आणि माती प्रत्येकी २०० ग्रॅम घ्यावे. हे सर्व दोनदा जमवून दोन बादल्या भराव्यात. एक कोरडीच मिसळावी; दुसरीत मीठ घातलेले पाणी ओतून, ढवळून, दोन दिवस तशीच ठेवावी. मग मुलांच्या दोन गटांनी चाळणी, लोहचुंबक, पंखा आणि पाण्याचे घमेले एवढीच साधने वापरून त्या वेगळ्या कराव्यात. पाण्यात पॉलिथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. कोरडे लाकूड तरंगते, भिजलेल्याचे काय होते ते पाहावे. मिसळायला किती वेळ लागला आणि वेगळे करायला किती, हे घड्याळ लावून लिहावे. कोणत्या टप्प्यावर साधन थांबले आणि हात घालावा लागला, याची नोंद महत्त्वाची. दोन्ही बादल्यांत एकेक छोटी वस्तू, उदाहरणार्थ एखादे जुने छायाचित्र, शिक्षकांनी कोणाला न सांगता टाकून ठेवावी आणि ती मिळते का, मिळाल्यावर कोणत्या ढिगात जाते, ते पाहावे.

यानंतर ज्या टप्प्यावर हात अडला त्याच टप्प्यासाठी यंत्र करायला मुलांना सांगावे. ते बहुधा उचलणारा हात असणार नाही. कदाचित चिखल झटकणारी चाळणी असेल, किंवा खारे लाकूड धुणारी टाकी. पिचकारीच्या हाताइतके ते देखणे दिसणार नाही आणि परीक्षकांना समजावून सांगावे लागेल. ज्या शाळा हा प्रयोग करतील त्यांनी कोरड्या आणि ओल्या बादलीला लागलेल्या वेळांचे आकडे आणि आपल्या गावच्या मातीचा प्रकार आम्हांला जरूर कळवावा. काळ्या मातीत आणि कोकणातल्या तांबड्या मातीत फरक पडावा, असा आमचा अंदाज आहे.